सहाऐवजी सात

३ फेब्रुवारी

मामा,

रविवारी काय झालं ते क्रमाने लिहिते. काही चुकलं असेल तर कळव.

१. सकाळी सात चाळीसला आपण तुझ्या गॅरेजमधून निघालो. गाडी तू चालवत होतास. छप्पर उघडं होतं.

२. पहिले नऊ किलोमीटर सपाट रस्ता. गाडीची काही तक्रार नाही.

३. चढ लागल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, चार हजार फेऱ्यांच्या वर इंजिन अडखळायला लागलं. पाय सैल केला की सुरळीत, दाबला की पुन्हा तेच.

४. तू म्हणालास, पेट्रोलमध्ये कचरा आहे. मी म्हणाले, ठिणगी कमी पडते आहे. हे मी दोनदा म्हणाले.

५. तिसऱ्या वळणावर, मागून ट्रक येत असताना, गाडीने मान टाकली. तू ती कडेला घेतलीस. ट्रक आणि आपल्यामध्ये साधारण एक हात अंतर राहिलं.

६. मी एक स्पार्क प्लग काढून बघितला. टोक झिजून गोल झालेलं, फट एक मिलिमीटरच्या वर गेलेली, आतलं पोर्सेलीन खडूसारखं पांढरं.

७. प्लग परत बसवून आपण हळूहळू घरी आलो. 

माझं म्हणणं एवढंच, की चारही प्लग बदलायला हवेत आणि ते नीट निवडून, फट मोजून बसवायला हवेत. तू या गाडीवर अकरा वर्षं घालवली आहेस. जुन्या गाड्यांची चढाची शर्यत २९ मार्चला आहे. नियमाप्रमाणे बाजूच्या सीटवर माणूस लागतो आणि तिथे मामी बसणार आहे. त्यामुळे हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही.

सध्याच्या प्लगवर नंबर काय आहे तो कळव. हेड घासून घेतलंस त्याला किती दिवस झाले तेही. मी सोमवारी दोनदा फोन केला होता, तू उचलला नाहीस.

तुझी भाची

*

८ फेब्रुवारी

मिलिमीटर,

तुझा पंचनामा पोचला. तुझी मामी तो वाचून म्हणाली, या मुलीला इंजिनियर कशाला केलं, पोलिसात घालायला हवं होतं. कलम चार सोडून सगळं मान्य. तू ठिणगीचं बोलल्याचं मला आठवत नाही. उघड्या गाडीत वारा किती असतो, त्यात तुझा आवाज आधीच मुंगीचा.

फोनचं म्हणशील तर मला फोनवर आकडे नकोत. तू पॉइंट सहा म्हणणार, मी पॉइंट आठ लिहून घेणार, आणि मग भांडण. कागदावरचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला तरी तोच असतो. शिवाय टपालवाल्यालाही काम हवं. इथून तिथे दोन दिवस लागतात, काही बिघडत नाही.

आता नंबर. प्लग सगळे भाजलेत, अक्षरं उडाली आहेत. भिंग लावून बघितलं तर एका प्लगवर सहाचा आकडा दिसतो. हेड मागच्या पावसाळ्यात घासलं. कॉम्प्रेशन चांगलंच वाढलंय, हँडल मारताना मनगटाला कळतं.

तुला वाटत असेल, म्हातारा गाडी मिरवायला चाललाय. मिरवायलाच चाललोय. या भागातले सगळे मेकॅनिक त्या दिवशी चढावर उभे असणार, त्यातल्या निम्म्यांना मी पाना धरायला शिकवलं. ज्यांच्या गाड्या कुणालाच कळल्या नाहीत त्या मी बॉनेटला कान लावून दुरुस्त केल्या, म्हणून तर लोक मला कानमास्तर म्हणतात. कानमास्तरची स्वतःची गाडी चढावर खोकली, तर दुसऱ्या दिवशी शटर वर करायला मला तोंड राहणार नाही. तेव्हा काय घ्यायचं ते नीट सांग. कंपनीच्या पुस्तकात असेल तो प्लग लावायचा, एवढंच मी आजवर करत आलोय. पण हेड घासल्यावर ते पुस्तक काही कामाचं नाही, एवढं मलाही कळतं.

मामा

*

१२ फेब्रुवारी

मामा,

सहाऐवजी सात नंबर घे. चारही एकदम बदल.

प्लगचा नंबर म्हणजे तो टोकाची उष्णता किती लवकर सोडतो याचं माप. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, थंड प्लग ती हेडमध्ये सोडून देतो. गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला गरम प्लग बरा, कारण त्यावर काजळी धरत नाही. तुझी गाडी पूर्ण जोर लावून चढ चढणार आहे आणि कॉम्प्रेशन वाढलेलं आहे. पांढरं पोर्सेलीन सांगतं की आहेत तेच प्लग जास्त तापत आहेत. म्हणून एक पायरी थंड.

महागडे, सुईसारख्या टोकाचे घेऊ नकोस. ते टिकतात पुष्कळ, पण फट कमी-जास्त करायला गेलं की टोक मोडतं, आणि तू ती करणारच. साधे, तांब्याच्या गाभ्याचे घे. जुना आणि नवा शेजारी धरून आट्यांची लांबी जुळते का बघ. लांब असला तर पिस्टनला लागेल.

फट ०.६५ ठेव. पुस्तकात ०.८ असेल, पण दाबाखालची हवा ठिणगीला अडवते, म्हणून फट कमी. बाहेरची पट्टीच वाकवायची, मधल्या टोकाला हात लावायचा नाही. चारही प्लग मोजायचे. नवीन डब्यातून काढलेला प्लग बरोबर असतो असं धरून चालायचं नाही. बसवताना इंजिन पूर्ण गार हवं. आधी हाताने फिरव, वायसर टेकला की पान्याने अर्धा वळसा. तू पान्याला लटकतोस हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

पत्राने लिहायचं ठरवलंस ते बरं केलंस. माझ्याकडे नक्कल राहते.

तुझी भाची

*

१९ फेब्रुवारी

मिलिमीटर,

हुकूम पाळला. आपल्या नेहमीच्या दुकानात गेलो, सात नंबरचे चार मागितले. दुकानदार काउंटरमागून काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. मी मान हलवली, डबे उचलले आणि निघालो. आट्यांची लांबी जुळली.

फटीबद्दल मात्र तुला एक कबुली द्यायची आहे. माझं फट मोजायचं फीलर गेज इंचातलं, त्यातली निम्मी पाती गंजलेली. मी चाळीस वर्षं प्लगची फट लोखंड कापायच्या करवतीच्या मोडक्या पात्याने लावतो. पातं आत सरकलं आणि जरासं अडलं की फट बरोबर. माझ्या उस्तादाने तसं शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादाने. तुकडा सोबत पाठवतो. तुझ्या प्रयोगशाळेत त्याची काय ती परीक्षा घे, नापास झाला तरी मी तोच वापरणार.

काल चाळीस किलोमीटर फिरवून आणली. काय सांगू, मधासारखी चालते. अडखळणं गेलं, चढावर जोर वाढला. इंजिन इतकं शांत आहे की सिग्नलला थांबल्यावर बंद पडलं की काय म्हणून मी आरशात धूर बघितला. तुझी मामी शर्यतीसाठी गॉगल घेऊन आली आहे. आत्तापासून घालून स्वयंपाक करते.

मामा

*

२३ फेब्रुवारी

मामा,

पातं तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजलं. ०.६४, ०.६४, ०.६४. नवीन प्लगला चालेल. झिजलेल्या प्लगला चालणार नाही, कारण खड्डा पडलेल्या टोकावर सपाट पातं खोटं बोलतं. तुझ्या उस्तादांबद्दल माझी तक्रार नाही.

मधासारखं हे माप मला माहीत नाही. अडखळणं गेलं म्हणजे ठिणगी पुरी पडते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. निवड बरोबर आहे की नाही हे प्लग स्वतः सांगतो, तेव्हा प्लग मला बघायला हवेत.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोराने गाडी ने. वर पोचलास की त्याच क्षणी क्लच दाब, इंजिन बंद कर आणि कडेला थांब. रेंगाळत चालवलीस तर काजळी बसते आणि वाचण्यासारखं काही उरत नाही. इंजिन गार होऊ दे, मग चारही काढ, कोणता कुठल्या सिलेंडरचा ते कागदावर लिहून त्यात गुंडाळ, जुने लावून सावकाश घरी ये. चारही टपालाने पाठव.

हे इतकं का, असं तू विचारशील. माझ्या कामात इंजिन जाड काचेपलीकडे असतं आणि माझ्या कानांवर आवाज अडवणारे डबे असतात. मी पडद्यावरच्या रेषा बघते. तुझ्या गाडीच्या रेषा मला दिसत नाहीत आणि गेले चार दिवस दुसऱ्या इंजिनांच्या रेषा बघताना माझं लक्ष नाही. हे बरोबर नाही, म्हणून प्लग लवकर पाठव.

तुझी भाची

*

२ मार्च

मिलिमीटर,

चारही प्लग सोबत आहेत, औषधाच्या पुड्यांसारखे बांधून. काल सकाळी तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. मामी बाजूला होती, गॉगलसकट. चार वेळा चढलो, कारण पहिल्या तीन वेळा मला मजाच आली.

तुझी मामी आता स्वतःला मेकॅनिक समजायला लागली आहे. चढावर तिने माझा दंड धरला आणि ओरडून म्हणाली, डब्यात खडे हलवल्यासारखं काहीतरी वाजतंय. मी म्हटलं, तुझ्या पर्समधल्या किल्ल्या असतील. पर्स तिने घरीच ठेवली होती असं नंतर म्हणते. असो, माझ्या कानाला इंजिन ठणठणीत आहे. तरी तू बघ. नीट बघ.

इकडे कालपासून कामावर हात जरा बसत नाही. सारखं बॉनेट उघडतो, काही करत नाही, बंद करतो. शर्यतीचं असेल.

मामा

*

६ मार्च

मामा,

आधी माझी चूक.

तुझ्या प्लगवरचं नाव मी पुडी सोडल्यावर पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे ज्यांचे प्लग वापरतात त्यांचा नंबर वाढला की प्लग थंड होतो. तू आणलेस त्या कंपनीची मोजणी उलटी आहे. त्यांचा नंबर वाढला की प्लग गरम होतो. तुझे जुनेही त्यांचेच असणार. सहा आधीच गरम होता, मी तुला सात सांगून त्याहून गरम लावायला लावला. कोणत्या कंपनीचा सहा, हे मी विचारलं नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे विचारायचं कळतं. मी तुला आकड्यांवर धडे देत होते आणि हे विचारलं नाही. याला माझ्याकडे कारण नाही.

आता प्लग. एक, दोन आणि चार जास्त तापले आहेत, पण वाचले आहेत. तिसऱ्याच्या पोर्सेलीनवर बारीक चंदेरी ठिपके आहेत. भिंगाखाली मोजले, एकतीस. ते अल्युमिनियम आहे. तुझ्या गाडीत ते एकाच ठिकाणाहून येऊ शकतं, पिस्टनच्या माथ्यावरून. इंजिन नॉक करतं आहे, म्हणजे आत पेट्रोल अवेळी भडकून ठोके देतं आहे, आणि पिस्टन खातं आहे. शर्यतीत असंच नेलंस तर तो माथा फुटेल, आणि तो मोठ्या वळणावर फुटला तर मागच्या चाकाखाली तेल आणि बाजूला मामी असेल. गाडी आता चालू करू नकोस. हेड उघडून तिसरा पिस्टन बघ.

नॉकचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. मामीने तुला अगदी बरोबर सांगितलं होतं.

पुढचं वाक्य मी तीनदा लिहून खोडलं आहे. चार वेळा चढ चढताना हा आवाज निदान वीस मिनिटं चालू असणार. गाडी चालवणारा तू होतास. तू बंद दाराआडून सांगायचास, आलेल्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह सैल आहे. त्या माणसाला किल्ल्या आणि नॉक यांतला फरक कळत नाही, हे मी मानू शकत नाही. फोन, दुकानदार, रविवारी दोनदा सांगितलेली ठिणगी हे सगळं मी शेजारी शेजारी मांडलं. मामा, तुला वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. कधीपासून?

कृपया लवकर उत्तर दे.

तुझी भाची

*

१३ मार्च

बाळ,

हे पत्र मी लिहिते आहे, ह्यांना माहीत नाही. गाडीचं सामान आणायला जातो असं सांगून गेले आहेत. कुठे गेलेत देव जाणे.

तुझं पत्र आलं तेव्हा ह्यांनी ते गॅरेजमध्ये उभ्याउभ्या वाचलं, आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी हेड उघडलं. दिवसभर आत होते. संध्याकाळी गाडीवर कापड टाकून आले. तेव्हापासून शटर अर्धंच वर असतं. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, दुसरीकडे दाखवा. घरात एका खुर्चीवर पाच मिनिटं बसत नाहीत. पाण्याचा नळ दुरुस्त केला, मग परत खोलून परत दुरुस्त केला.

शर्ट धुवायला घेतला तेव्हा ते मी वाचलं. तुझं म्हणणं खरं असेल. माझं गाडीतलं ज्ञान दार लावण्यापुरतं. पण शेवटी कृपया लवकर उत्तर दे असं ऑफिसला लिहितात. मामाला नाही.

तू कधीपासून विचारलंस, तर मी सांगते. दोन वर्षं झाली. कुकरची शिट्टी गेली पहिली. मग दाराची बेल. बेल वाजली की मी मुद्दाम ह्यांच्या समोरून दाराकडे जाते, म्हणजे कोणीतरी आलंय ते कळतं. बोलताना तोंड ह्यांच्याकडे करते. ते मला सांगत नाहीत आणि मला माहीत आहे हे मी त्यांना कळू देत नाही. दोघांचं बरं चाललं होतं. त्या दिवशी गाडीत मी दंड धरून ओरडले, तो मात्र माझा धीर सुटला म्हणून. नंतर मी तो विषय लावून धरला नाही, ते चुकलंच माझं.

गॉगल मी कपाटात ठेवला आहे. मला शर्यतीचं काही नाही. पण हा माणूस असा बसलेला मला बघवत नाही. काहीतरी लिही. ह्यांना लिही, मला नको. आणि जरा माणसासारखं लिही.

मामी

*

१५ मार्च

मिलिमीटर,

उशीर झाला. आधी कामाचं.

हेड उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली आहे. भोक पडलेलं नाही. सिलेंडरला ओरखडा नाही, नख फिरवून बघितलं. बाकी तीन चांगले. पिस्टन बदलल्याशिवाय गाडी चालणार नाही आणि तो इथे कुठेच मिळत नाही. चार दुकानं पालथी घातली.

चूक तुझ्या एकटीची नाही. मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, माझ्या समोर तोंड करून सांग, त्या दिवशी तू काय म्हणाला होतास. तो म्हणाला, कानमास्तर, मी तीनदा सांगितलं, या कंपनीचा सात म्हणजे गरम, तुम्हाला चढासाठी हवाय तर पाच न्या. तुम्ही तीनदा मान हलवलीत, मला वाटलं तुम्हाला काहीतरी वेगळं माहीत असणार. बघ, माझ्या नावाचा असाही उपयोग.

आता तुझा प्रश्न. नक्की दिवस मला सांगता येत नाही. एकदम गेलं असतं तर कळलं असतं. हे टायरमधली हवा जाते तसं गेलं. आधी वाटलं, हल्लीच्या गाड्याच गप्प झाल्यात. मग एकदा एका गाडीचा पट्टा किंचाळत होता, गिऱ्हाईक कानावर हात ठेवून उभं, आणि मी त्याला विचारतोय, काय होतंय. त्या दिवसापासून मी आधी गिऱ्हाईकाचं तोंड बघतो. मग बॉनेटवर तळहात ठेवतो. खालचे आवाज हाताला कळतात, बेअरिंग, टॅपेट सगळं कळतं. कान टेकवायचा तो नुसता दाखवायला. दोन वर्षं मी कानमास्तरचं सोंग करतोय.

पण एक गोष्ट तू चुकीची वाचलीस. मी तुझ्यापासून लपवत होतो हे खरं, पण प्लग मी तुझ्या हुकमासाठी पाठवले नव्हते. चढावर मामीने दंड धरला तेव्हाच मला कळलं होतं की ती म्हणते ते काहीतरी आहे आणि मला ते ऐकू येत नाही. किल्ल्यांचं मी तिला सांगितलं, स्वतःला नाही. खाली उतरून मी बराच वेळ इंजिनला हात लावून बसलो. काही कळेना. मग प्लग बांधले. मला जे ऐकू येत नव्हतं ते तुला तिथे दिसेल, म्हणून पाठवले. बघ असं दोनदा लिहिलं होतं.

परवा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी एका पेटीत बसवून शिट्ट्या वाजवल्या म्हणे. आलेख दिलाय, त्याची नक्कल सोबत आहे. तुला रेषा वाचता येतात. त्यांनी सांगितलेलं निम्मं मी मान हलवून ऐकलं, तेव्हा खरं काय ते तू सांग.

शर्यतीतून नाव मागे घेतो असं पत्र लिहून टेबलावर ठेवलंय. अजून पेटीत टाकलेलं नाही. रोज टाकायला निघतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. गॅरेजचंही तसंच लिहावं म्हणतो. कानच नाही तर कानमास्तर कसला. तुझ्या मामीला यातलं काही माहीत नाही, तिला कळू देऊ नकोस.

मामा

*

१७ मार्च

मामा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी गेले सहा दिवस टपालपेटी दिवसातून दोनदा बघत होते. एकदा रविवारीही, टपाल येत नाही हे माहीत असताना.

मागच्या पत्रात मी तुला जे विचारलं ते विचारायलाच हवं होतं. ज्या तऱ्हेने विचारलं तसं विचारायला नको होतं. मला कोणाचं वाईट वाटायला लागलं की मी आकड्यांत लिहायला लागते. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

आलेख वाचला. तीन हजार कंपनांपर्यंत रेषा बऱ्यापैकी सरळ आहे, त्यानंतर जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली आहे. तुझ्या सिलेंडरची रुंदी धरून मी नॉकचा आवाज किती कंपनांवर येतो ते काढलं. सात हजारांच्या जवळपास. तिथे तुझ्या कानाला काहीही पोचत नाही, डाव्या किंवा उजव्या. त्यामुळे चढावर तुझं लक्ष नव्हतं किंवा तू हट्ट केलास, असं काही झालेलं नाही. तो आवाज तुझ्यापर्यंत आलाच नाही.

खरं काय ते सांग म्हणालास. कानाचं यंत्र लावलंस तर समोरच्याचं बोलणं पुष्कळ परत येईल, दुकानदाराचंसुद्धा. नॉक परत येईल असं मी सांगू शकत नाही. बहुतेक नाही येणार. यंत्र लावावं असं माझं मत आहे, कारण घरात तुझ्याशी बोलणारं माणूस आहे. तिला काय माहीत आहे आणि काय नाही हे तू तिलाच विचार. पेटीकडे निघायच्या आधी विचार.

गॅरेजबद्दल. तळहाताने बेअरिंग ओळखणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. आमच्याकडे त्यासाठी कपाटाएवढं यंत्र आहे आणि ते आठवड्यातून एकदा चुकतं. हातांना कळत नाही ते प्लगवर दिसतं, आणि जे प्लगवर उशिरा दिसतं ते ऐकायला बाजूच्या सीटवर कोणीतरी हवं. एवढी व्यवस्था लागेल. लोकांना सांगावं लागेल, ते सगळ्यात अवघड. तो निर्णय तुझा आहे, मी त्यात पडत नाही.

गाडीबद्दल मात्र पडते. तुझ्या मापाचा पिस्टन मला इथे एका जुन्या कारखान्यात मिळाला. ठिपके बघितले तेव्हापासूनच शोधत होते. काल वजन केलं. तुझ्या बाकीच्या तिघांचं वजन माझ्याकडे नाही, ते लिही, म्हणजे मी हा घासून जुळवून आणते. त्याच कंपनीचे पाच नंबरचे चार प्लगही घेतले आहेत. नाव वाचून घेतले, आणि मग त्यांचा तक्ता मागवून पुन्हा तपासलं. फट चारही प्लगना ०.६५ लावली आहे. तिसऱ्याला दोनदा मोजून.

नव्या पिस्टनला निदान दोनशे किलोमीटर सावकाश चालवायला हवं, आणि त्यानंतर चढाची एक पूर्ण चाचणी. म्हणजे २६ला इंजिन जोडून पुरं झालं पाहिजे, तर २८पर्यंत गाडी तयार होते. मी २४ ते ३० रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं, मी घरगुती लिहिलं. त्या दोनशे किलोमीटरना आणि चाचणीला बाजूला मी बसेन. आवाज आला तर तुझ्या गुडघ्यावर हात ठेवेन, तू पाय काढायचा. शर्यतीच्या दिवशी ती जागा मामीची. तिला हा आवाज ओळखता येतो, आणि ते तिने माझ्याआधी ओळखलं.

एवढी वर्षं इंजिनांवर काम करून मी एकही इंजिन कानांवरचे डबे काढून ऐकलेलं नाही. मला तुझं ऐकायचं आहे. तू हात ठेवशील तिथे मलाही ठेवून बघायचा आहे.

हे सगळं तू हो म्हटलंस तरच. न विचारता मी पिस्टन घेऊन दारात उभी राहणार नाही. टेबलावरचं पत्र टाकायचं असेल तर टाक, मी त्याबद्दल पुन्हा काही लिहिणार नाही. पण तसं असेल तर तेही मला कळायला हवं, म्हणजे मी बसल्या जागी घड्याळ बघत राहणार नाही.

२४ला सकाळी निघायचं आहे. मी यायचं की नाही, आणि तिन्ही पिस्टनची वजनं, एवढं लिही. उत्तर सोमवारी, २३ मार्चपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव.

तुझी भाची